पानमळ्यातली चमचाभर माती

पानमळ्यात पायताण घालून जायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. आमच्या हिनं ते मला भाजी चिरताना सांगितलं होतं, डबा भरताना सांगितलं होतं, आणि मी रस्त्याला लागल्यावर खिडकीतून ओरडूनही सांगितलं होतं. खिडकीतून सांगितलेलं तर सगळ्या वसाहतीनं ऐकलं. तेव्हा मळ्याच्या दाराशी पोचल्याबरोबर मी बूट काढले. चांगले अदबीनं काढले. पण बूट नवे होते, आणि दारातलं कुत्रं त्यांच्याकडे ज्या आपुलकीनं बघत होतं ती मला पसंत पडली नाही. म्हणून मी ते काखेत मारले आणि नियम पाळल्याच्या समाधानात आत शिरलो.

थोडा आत गेलो असेन, तोच वेलीला हात घालून उभे असलेले हिचे मामा वळले. त्यांनी माझे अनवाणी पाय पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर वर काखेपर्यंत आली.

"जावईबापू," ते म्हणाले, "पायताण पायात असलं काय आन् काखंत असलं काय, मळ्याला त्यो फरक कसा कळायचा?"

बुटांच्या तळव्यांचा चिखल वाळून सुटत होता आणि मी चाललो त्या वाटेनं थोडा थोडा पडत आला होता, हे मला तेव्हा दिसलं. पुढचा प्रसंग सासुरवाडीच्या माणसांसमोर कुणावरही येऊ नये असा होता. मला बाहेर नेऊन पाय धुवायला लावले. मग माझे बूटही धुतले. मामांनी स्वतः, विहिरीवरच्या थारोळ्यात, मोटेच्या पाण्यात, आतूनबाहेरून, बैल धुवावा तसे. ते बूट पुढे वाळले, पण चालताना कण्हू लागले ते कायमचे.

आता मी मुळात तिथं गेलो कशाला, ते सांगतो.

नाशिक फाटा ते चाकण

पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी तिथं भांडारात. बाटल्या, बुचं, कापूस मोजून द्यायचा आणि सही घ्यायची, एवढंच माझं काम. पण नातेवाइकांमध्ये मी 'औषधं काढणारा' म्हणून ओळखला जात होतो आणि तो गैरसमज दूर करण्याची घाई मी कधीच केली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक डॉक्टर होते. माणसांना तपासणारे नव्हेत, बुरशी तपासणारे. औषध बुरशीतून निघतं आणि बुरशी मातीत सापडते, म्हणून कुणीही रजेवर गावी निघालं की ते त्याला गाठायचे आणि म्हणायचे, येताना चमचाभर माती आणा. लोक गावाहून पेढे आणतात, आमच्याकडे माती आणायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज बोलून गेलो, की हिच्या मामांचा चाकणच्या पुढे भामा नदीच्या काठी पानमळा आहे, त्याला मर लागली आहे, ओळीच्या ओळी सुकताहेत आणि एकच कोपरा अजून हिरवागार आहे. डॉक्टरांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, जिथं सगळं मरतंय आणि एकच तगून आहे, तिथं त्याच्या मुळाशी कोण बसलंय ते मला बघायचंय. मातीत या जंतूंच्या लढाया चाललेल्या असतात, त्यातला जिंकणारा मला हवा. जा आणि आणा.

हिचे आईवडील लवकर गेले. तिला, म्हणजे त्यांच्या सरूला, मामा-मामींनी वाढवलं. म्हणजे तो मळा तिचं माहेर आणि मामा माझे सासरेच. तिकडची हकीकत अशी होती. मळ्याच्या दाराजवळच्या ओळी आधी सुकल्या. गेल्या दिवाळीनंतर मामा जुन्नरला लग्नाला गेले असताना त्यांच्या मुलानं, दत्तूनं, त्या सुकलेल्या ओळी उपटून तिथं कांदा लावला. मामा परत आले, दारात उभे राहिले, कांद्याकडे बघितलं आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. दत्तूचं म्हणणं, सगळा मळा मोडून कांदा करू, चाकणचा बाजार हाताशी आहे. नाहीतर तो पिंपरीला कारखान्यात लागणार. मामांचं म्हणणं काय ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते बोलतच नव्हते. दत्तू गेला तर म्हाताऱ्या मामा-मामींनी एकट्यांनी मळा कसा सांभाळायचा, याचा हिला घोर लागला होता. मी मातीसाठी चाललोय म्हटल्यावर तिनं लगेच डबा भरायला घेतला. स्वतः मात्र आली नाही. मुलांच्या परीक्षा होत्या.

डॉक्टरांनी मला कागदाच्या पुड्या, एक निकेलचा चमचा आणि स्पिरिटची छोटी बाटली दिली. प्रत्येक ठिकाणची माती घेण्याआधी चमचा स्पिरिटनं पुसायचा, म्हणजे इकडचा जंतू तिकडे जात नाही. बाटलीचं बूच मी स्वतः माझ्या भांडारातून निवडून लावलं होतं. नाशिक फाट्याला एस्टीत बसलो आणि भोसरी यायच्या आत माझं बूच सुटलं.

दारूबंदीचे दिवस. गाडीत वास पसरला तसे लोक माझ्याकडे वळून बघू लागले. समोरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. कंडक्टर तिकीट देताना माझ्या तोंडाजवळ जरा जास्तच वाकला. शेजारी एक फेटेवाले गृहस्थ होते, ते मात्र हळूहळू माझ्याजवळ सरकत आले. मोशीची इंद्रायणी ओलांडल्यावर त्यांनी माझ्या कानात विचारलं, "राव, थोडी शिल्लक हाय का?"

मी त्यांना समजावलं, की हे चमच्यासाठी आहे.

त्यांनी माझ्याकडे नव्या आदरानं पाहिलं. "चमच्यानं घेता?" म्हणाले. "ते बराय. घरात कळत न्हाई."

चाकणला उतरलो तेव्हा कांद्याचा बाजार भरात होता. किल्ल्याच्या पडक्या तटाच्या अलीकडे बैलगाड्या सुटलेल्या, पोत्यांच्या थप्प्या आणि सगळ्या आसमंताला कांद्याचा दर्प. मला बरं वाटलं. या वासात माझा वास कुणाला येणार नाही असा माझा हिशेब होता. पण तिथून पुढे गावाची बैलगाडी मिळाली आणि भामेच्या काठच्या मोकळ्या वाऱ्यात कांदा मागे राहिला, स्पिरिट माझ्याबरोबर आलं. म्हणजे मामांनी त्या दिवशी जो जावई पाहिला तो बूट काखेत घेऊन, दारूचा घमघमाट करत, हसतमुखानं मळ्यात शिरलेला होता. त्यांनी मला मळ्याबाहेर काढलं पण घराबाहेर काढलं नाही, हा त्या घराचा मोठेपणा.

मळा

ज्यांनी पानमळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर चैत्राचं ऊन नुसतं भाजत असतं, आणि मळ्याचं झापाचं दार ढकलून आत गेलं, की तुम्ही एकदम ओलसर, हिरव्या अंधारात असता. शेवरी आणि पांगाऱ्याची झाडं दाट लावलेली, त्यांच्यावर वेली चढवलेल्या, लव्हाळ्यानं जागोजाग बांधलेल्या. पानं खुडणारा माणूस अंगठ्याला पत्र्याचं धारदार नख लावतो आणि टिचक्या मारत जातो. बोलणंही तिथं हळू आवाजात चालतं. मला आमच्या गावच्या दत्ताच्या देवळाची आठवण झाली. फरक एवढाच, की देवळात माझे बूट कुणी धुतले नव्हते.

दाराजवळ दत्तूचा कांदा उभा होता आणि मामांच्या दुर्दैवानं तो उत्तम आला होता. त्याच्या पुढे आजारी ओळी. वेलीची पानं पिवळी पडून लोंबत होती. मामांनी एक वेल सहज ओढली तर ती मुळातून हातात आली. मूळ काळं, कुजलेलं. ते त्यांनी मला दाखवलं आणि मी औषधं काढणारा माणूस असल्यामुळे मान हलवली. मग पार पलीकडे, बांधाच्या कडेला, तो पूर्वेचा कोपरा. तिथल्या वेली अशा तजेलदार होत्या, की पानं आताच तेल लावून पुसल्यासारखी दिसत होती.

मी पुडी काढली आणि चमचा काढला. मामांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, चमचाभर माती.

मामांनी मान हलवली. मळ्याची माती बाहेर जात नसते. त्यांच्या वडिलांनी कुणाला दिली नव्हती, आजोबांनी दिली नव्हती. शेजारच्यानं एकदा खुरप्याला लागलेली नेली होती, तर ते खुरपं माघारी आणवलं होतं. मी डॉक्टर, जंतू, लढाई, देशाचं आरोग्य असं सगळं सांगून पाहिलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की दोन दिवस राहणार आहात ना, मग पुरणपोळी कधी करायची ते मामीला सांगतो.

जेवताना मला त्या घराचा नवा कारभार समजला. मामा ओसरीवर बसले, दत्तू आत चुलीपाशी आणि मला मधल्या उंबऱ्याशी पाट मांडला. ती जागा मानाची आहे असं मला आधी वाटलं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुमच्या मेव्हण्याला इचारा, कांद्याला पाणी दिलं का?"

दत्तू हाकेच्या अंतरावरही नव्हता, हाताच्या अंतरावर होता. तरी मी वळून विचारलं.

"दाजी, आबांना सांगा, दिलं."

मी वळून सांगितलं.

"मंग त्याला म्हनावं, येलींला बी दे. त्यांनीच तुला ल्हानाचा मोटा केला."

"आबांना सांगा, दिलंय. मेलेल्यांला बी दिलंय."

मोटेचा बैल जसा मागं-पुढं, मागं-पुढं करतो तशी माझी मान चालली होती. भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा खरडा फक्कड होता, पण प्रत्येक घासाला मला कुणाचा तरी निरोप पोचवावा लागत होता. आधी हे काम मामींकडे होतं. त्या दिवशी त्यांनी दिवाळीपासून पहिल्यांदा सुखानं भाकऱ्या थापल्या.

मामींचं लोणचं

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं, की डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं होतं. कुठं वेगळी बुरशी दिसली तर तीही आणा. माती मिळत नव्हती, निदान बुरशी तरी न्यावी. मामी ओट्यावर शेजारच्या दोघी-तिघींबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं, "मामी, घरात बुरसलेलं काही आहे का? लोणचं वगैरे?"

आमच्या कारखान्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतो आणि ज्याच्याकडे असेल तो अभिमानानं काढून दाखवतो. पण मी पिंपरीला नव्हतो. बुरसलेलं लोणचं म्हणजे त्या घरातल्या बाईनं शिवाशिव पाळली नाही, ओला हात घातला, नको त्या दिवशी बरणीला हात लावला, असा सगळा अर्थ त्यातून निघतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. शेजारणींचे हात सुपातच थांबले.

मामी उठल्या, हात धुतले, आत गेल्या आणि बरण्या आणू लागल्या. कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं, गेल्या सालचं, त्याच्या आधीच्या सालचं. एकेका बरणीचं फडकं सोडून त्या माझ्यासमोर धरायच्या, मी वाकून बघायचो, आणि मग त्या एक फोड माझ्या हातावर ठेवायच्या. "खाऊन सांगा," एवढंच म्हणायच्या. शेजारणी माझ्या तोंडाकडे बघत असायच्या. नुसतं छान म्हणून भागत नव्हतं. लोणच्यांनंतर सांडगे आले, कुरडया आल्या, पापड आले. मी सगळ्यांची ग्वाही दिली. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मामींचं समाधान झालं आणि त्यांनी मला ताक दिलं.

ओसरीवर मामा पान लावत बसले होते. ते उपरण्यात तोंड घालून खोकत होते. मागच्या अंगणात दत्तू मोटेची कातडी सोंड शिवत होता, त्यालाही त्याच वेळी खोकला लागला होता. घरात साथ आहे की काय असं मला वाटलं.

पाट

दुपारी मळ्यातच बसलो होतो. बाहेर ऊन होतं आणि आत मी नीट पाय धुऊन आलो होतो. मामा माझ्याशी बोलत होते, दत्तू वेली बांधत जवळपास घुटमळत होता. मामांनी विचारलं, की तुमच्या कारखान्यात असं काही पाळतात का, की बूट घालून कुठंही जाता.

मी म्हटलं, आहे ना. आमच्याकडे एक बंद खोली आहे, तिथं औषध बाटल्यांत भरतात. तिथं शिरायचं तर बूट बाहेर, हातपाय धुवायचे, धुतलेले कपडे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. मी भांडारातला असून मलाही तिथं प्रवेश नाही. एकदा बुचांचा डबा घेऊन चुकून दारापर्यंत गेलो होतो, तर आतल्या माणसानं काचेतून माझ्याकडे असं बघितलं, की मी डबा तिथंच ठेवून परतलो.

मामा खूश झाले. "म्हंजे तुमच्यातबी सोवळं हाय म्हनायचं."

मग त्यांनी बारकाईनं विचारायला सुरुवात केली. पाणी कुठून येतं, माणूस कुठून येतो, सामान कुठून जातं. माझ्या कामाबद्दल इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं, तेव्हा मी रंगात आलो. म्हटलं, नियम असा, की सगळं स्वच्छ बाजूनं मळक्या बाजूला जायचं. मळक्याकडून स्वच्छाकडे काही म्हणजे काही यायचं नाही. माणूस नाही, पाणी नाही, फडकंसुद्धा नाही. डॉक्टर तर म्हणतात, वाऱ्याला सांगता आलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

वेली बांधणारा दत्तूचा हात थांबला होता. मामा पाटाकडे बघत होते. मोटेचं पाणी दारातून आत येतं, कांद्यातून जातं, आजारी ओळींतून जातं आणि शेवटी त्या हिरव्या कोपऱ्यात पोचतं. मी पण बघितलं, पण मला फक्त पाणी दिसलं.

"दाजी," दत्तू म्हणाला, "आबांना इचारा, पाट भाईरनं, बांधाच्या कडंनं नेला तर?"

"त्याला म्हनावं, जिमीन सपाट हाय. चढ न्हाई, उतार न्हाई. जरा उकरलं तर जाईल."

"मंग आदी कोपऱ्याला पाणी, मागनं ह्यांला."

"आन् पानं खुडाया बी कोपऱ्याकडनंच लागायचं म्हनावं. दाराकडनं न्हाई."

हे सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं आणि मी ते इमानानं पोचवत होतो. इतक्या घाईनं निरोप येऊ लागले, की मी दत्तूचा दत्तूला आणि मामांचा मामांनाच सांगून टाकला. तरी कुणी थांबलं नाही. मामांनी कुदळ मागवली. कुणाकडून? माझ्याकडून. दत्तूनं दोरी मागवली. तीही माझ्याकडूनच.

संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पाट उकरायचं काम चाललं. एका टोकाला मामा, एका टोकाला दत्तू आणि मध्ये मी, दोरी धरून. माझ्या हातांना फोड आले. ते मी डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं होतं, पण पिंपरीला पोचेपर्यंत बसले. मामी अधूनमधून येऊन बांधावर उभ्या राहायच्या आणि पदराआड हसून परत जायच्या.

पाट पुरा झाला तसा दत्तू मोटेवर गेला. मामा कोपऱ्यात उभे राहिले. मला दारं धरायला दिलं, म्हणजे पाणी आलं की पाटाची एक बाजू फोडून ते नव्या पाटात सोडायचं, एवढंच. दत्तूनं मला जागा दाखवून ठेवली होती. पाणी आलं. ते फार झपाट्यानं आलं. मला वाटलं उशीर होईल, म्हणून मी जोरात फावडं मारलं आणि जिथं मारलं ती बाजू दुसरीच निघाली.

पाणी मळ्याकडे गेलं नाही. ते परसात शिरलं, मामींनी उन्हात घातलेल्या गोवऱ्यांच्या रांगेतून गेलं, गोवऱ्या घेऊन पुढे गेलं आणि गोठ्यात जाऊन थांबलं. मी घाबरून माती ओढायला लागलो तर फावडं निसटलं आणि मी पाटात बसलो. बसलो तो असा, की पाणी खरोखरच थोडं अडलं. मग मी उठलोच नाही.

तिकडून मामा आणि मोटेवरून दत्तू, दोघंही एकदम एकच शब्द ओरडले. तो शब्द जावयासाठी योग्य नव्हता, त्यामुळे इथं देत नाही. मग ते धावत आले. मी पाटात बसलेलो, माझ्याभोवती गोवऱ्या तरंगताहेत आणि मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. मामांनी मला पाहिलं, दत्तूला पाहिलं, आणि ते हसायला लागले. त्यांना हसू आवरेना. दत्तू तर फावड्यावर रेलून गुडघ्यावर आला.

"आरं दत्तू," मामा डोळे पुसत म्हणाले, "दारं बांध आदी. तुझ्या दाजीला काय कळतंय."

"व्हय आबा," दत्तू म्हणाला, "पर त्यांना उटवू नगासा. त्यांनीच पाणी धरलंय."

मला कुणी उठवलं नाही. दत्तूनं माती ओढली, मामांनी ढेकळं दिली, दोघं एकमेकांना इकडं टाक, तिकडं दाब म्हणत राहिले, आणि पाणी वळून बांधाच्या कडेनं कोपऱ्याकडे निघालं. मग दोघांनी मला एकेका हाताला धरून बाहेर काढलं. त्यानंतर जेवताना मी उंबऱ्यात बसलो नाही. ओसरीवर तिघांचे पाट मांडले होते. मला निरोप द्यायला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे पुरणपोळ्या बऱ्याच जास्त खाल्ल्या गेल्या.

निघताना मी मातीचा विषय काढला नाही. मामांनी काढला. त्यांनी मामींना हाक मारली. मामींनी खणात तांदूळ, नारळ, हळकुंड आणि सुपारी घालून आणली होती. मामा अनवाणी मळ्यात गेले आणि कोपऱ्यातल्या वेलीच्या बुडाशी वाकून ओंजळीत माती घेऊन आले. ती त्यांनी त्या खणात घातली, मामींनी वरून हळदकुंकू वाहिलं आणि गाठ मारली.

"मळ्याची माती भाईर देत न्हाई," मामा म्हणाले. "पर ही सरूची वटी हाय. लेकीला दिलेलं भाईर जात न्हाई."

पिंपरी

येताना गाडीत मी मांडीवर ओटी घेऊन बसलो होतो. लोकांनी जागा दिली. जाताना मिळालेल्या वागणुकीपेक्षा ही फारच बरी होती.

हिनं ओटी कपाळाला लावली, नारळ देवापुढे ठेवला, थोडी माती तुळशीत घातली आणि उरलेली डॉक्टरांसाठी पुडीत बांधून दिली. डॉक्टरांनी पुडी उघडली आणि चष्मा काढून पुसला. मातीत तांदळाचे दाणे होते, एक सुपारी होती आणि कुंकवाचा रंग उतरला होता. मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, की जगभरातून माणसं माती पाठवतात, पण हळद लावून कुणी पाठवली नव्हती, आणि हळद लावल्यावर आत कोण जिवंत राहील याची त्यांना शंका आहे. तरी त्यांनी ती बशीत पेरली. त्यातून जे उगवलं ते कशालाच मारत नव्हतं. पण त्याला नांगरलेल्या शेताचा इतका सुरेख वास येत होता, की डॉक्टरांनी ती बशी बरेच दिवस टाकली नाही.

मर मातीत राहते, पाण्याबरोबर आणि पायांबरोबर हिंडते, हे मात्र त्यांनी सांगितलं. पाट फिरवला ते बरं केलं म्हणाले. आजारी वेली उपटून जाळा, पावसाआधी मोरचूद आणि चुन्याचं पाणी बुडाशी घाला, पानांवर नको. मी ते पोस्टकार्डावर लिहून पाठवलं आणि खाली सहीच्या जागी माझं नाव जरा मोठं काढलं.

श्रावणात दत्तू आला. केळीच्या पानात बांधलेली पानांची चवड घेऊन. मला वाटलं कारखान्याच्या नोकरीचं विचारायला आला असेल, पण त्यानं तो विषयच काढला नाही. निम्मा मळा गेला, आबांनी आणि त्यानं मिळून उपटून जाळला, तिथं आता कांदा. पूर्वेचा कोपरा आणि त्याच्या लगतच्या काही ओळी पावसात तगल्या. पुढचं पुढं बघू असं आबा म्हणतात. आबा असं म्हणतात, आबा तसं म्हणतात, असं त्याचं चाललं होतं. मग तो आत जाऊन आपल्या बहिणीशी बराच वेळ बोलत बसला. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. कशाला हसताहेत ते मी उठून बघितलं नाही.

तो गेल्यावर हिनं अडकित्ता काढला आणि आलेल्या पानांतलं एक पान पुसून मला विडा करायला घेतला. मी बैठकीवर टेकून म्हटलं, बघ, बंद खोलीचा नियम मी सांगितला म्हणून तेवढा तरी मळा राहिला. भांडारातला माणूस असलो तरी शास्त्र कानावर पडतं ना.

ही सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाट फिरवायचं दोघांच्याही मनात दिवाळीपासून होतं. आधी बोलायचं कुणी, एवढंच अडलं होतं."

तिनं पानाला चुना लावला, सुपारी घातली, घडी घातली आणि विडा माझ्या हातात दिला.

"म्हणून तर तुम्हाला एकट्याला पाठवलं," ती म्हणाली. "मी बरोबर असते तर तुम्हाला पावलोपावली सावरून घेतलं असतं. मग ते दोघं हसले कुणाला असते?"